पाणी दाखवणं

मिरजेहून आला तेव्हा पौष होता.
भोपळा गार, तबली
वापरून झिजलेल्या पोळपाटासारखी मऊ.
सावद्याला मे महिना असतो
हे कारागिराला मी सांगितलंच नव्हतं.

पाच तारखेला, दुपारी अडीचला, वीज गेलेली,
आतल्या खोलीत ताडकन आवाज.
मला वाटलं, लाटणं पडलं.
भोपळ्याच्या गळ्याखाली केसाएवढी रेघ.
नखाला लागत होती, डोळ्याला नाही.

सुपडू मिस्तरी खाटा करतो, चौकटी बसवतो.
तंबोरा जन्मात हाताळला नव्हता.
बराच वेळ रेघेला कान लावून बसला,
मग म्हणाला,
"पानी दाखवजो वो बाई. पाजजो नको."

तेव्हापासून दाखवतेय.
तारा अर्धा पीळ सैल.
साबणाच्या डबीला दाभणानं भोकं,
आत स्पंज, पिळून पिळून ओला,
खोळीत गळ्यापाशी टांगलेला.
खाली परातीत केळीच्या सोपटाचे तुकडे,
सकाळी फुगीर, संध्याकाळी चपलेचं चामडं.
भिंतीपासून हातभर लांब,
कारण भिंत रात्री एकपर्यंत तापलेली असते.
कूलर समोर नको, मागेही नको,
दाराबाहेर, तिरका.
यावरून घरात दोन दिवस अबोला.

हितेंद्र केळी पिकवायच्या कोठीत कामाला.
तिथला जुना ओलाव्याचा काटा घेऊन आला.
कोठीत नव्वद दाखवणारा
आमच्याकडे अकरावर येऊन बसला,
टिचकी मारली तरी हलेना.
"मावशी, इथं केळी ठेवली असती तर..."
पुढचं तो बोलला नाही.

माझ्या टाचांना दर उन्हाळ्यात भेगा.
मेण, कोकमाचं तेल, रात्री मोजे.
यंदा त्यातला एक मोजा
साबणाच्या डबीला घातलाय,
थेंब लाकडावर पडू नये म्हणून.
एका पायाचं काय, तो चालतोय.

काटा आता अडतीसवर.
आज पहाटे चारला, भिंत निवल्यावर,
पंचम लावून पाहिला.
खुंटी सरकली. खडू लावला. पुन्हा सरकली.
तिसऱ्यांदा धरली,
आणि जोडीच्या तारा लावेपर्यंत
कूलरमध्ये पाणी भरायची वेळ झाली.

रेघ आहे तिथंच आहे, वाढलेली नाही.
खर्ज छेडला की तिथून
बारीक काहीतरी कुरकुरतं.
सुपडूला बोलावून ऐकवलं.
"कुरकुरू दे," म्हणाला,
"खाटबी कुरकुरते. झोपतोच ना तिच्यावर."