एक इंचाला एक मैल

जुन्या बाजारात, गंजकी कुलपं आणि मुके रेडिओ यांच्यामध्ये
तो आठ घड्या घालून पडला होता.
दीडशे म्हणाला, ऐंशीला दिला.
मागं कापड डकवलेलं, कापडावर
कुणा ओव्हरसियरच्या कपाचं गोल बूड.

घरी टेबलावर उलगडला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या.
तोरणा तपकिरी रेघांत, अंगठ्याच्या ठशासारखा.
ओढे निळे, वाटा तुटक,
घरं म्हणजे तांबडे ठिपके.
आणि दोन घड्या जिथं एकमेकींना छेदतात
तिथं भोक, मसुराएवढं.
नावाचं शेवटचं अक्षर तेवढं शाबूत.
उजवीकडं, समासात, बाण:
पूना, १९ मैल.

स्वारगेटहून सव्वासहाची वेल्ह्याची गाडी,
पुढं दोन तास चढ.
ठकूबाई ढेबे म्हशी सोडत होती.
अंगणात नकाशा पसरला.
तिनं हात लुगड्याला पुसले,
वर डोंगराकडं पाहिलं, मग कागद
अख्खा फिरवून घेतला. अक्षरं उलटी झाली.
डोंगर डोंगरासमोर आला.

"ह्या रेघा कशाच्या?"
उंचीच्या, म्हटलं. एका रेघेवर सगळीकडं उंची सारखी.
तिनं एका रेघेवरनं बोट चालवलं.
"म्हंजे हिच्यावरनं गेलं तर दम लागत न्हाई.
म्हसरं अशीच जात्यात."
मग रेघा जिथं एकीत एक घुसून
काळ्या पडल्या होत्या, तिथं बोट थांबलं.
"हितनं माझा दीर गेला.
मधाला गेल्याला."

कड्याला नाव नव्हतं.
नुसता आकडा, ३२१७.
मी फूट की मीटर ते सांगायला लागलो
आणि गप्प बसलो.

ती भोकापाशी आली.
कागद उचलून खालून बोट घातलं, वर काढलं,
नखात शेण.
"हितं आमी."
जरा वेळ तसंच ठेवलं.
"आन् तू?"

मी बाण दाखवला.
एक इंचाला एक मैल, तर समासापुढं
दोन विती आणि बोटभर.
तिनं मापून पाहिलं, कागद सोडून, अंगणात,
आणि हसू दाबत बघत राहिली.

तिथं एक कोंबडी
पायानं माती उकरत होती.