सातवा रकाना

गुलाल धुतला गेला. फ्लेक्स उतरले,
त्यातला एक मी गोठ्यावर टाकला.
आता म्हशीच्या डोक्यावर दोघं हात जोडून असतात,
पडलेला आणि निवडून आलेला.
म्हैस दोघांनाही शेपूट मारते.

आचारसंहिता उठून सव्वीस दिवस झाले.
बंदूक आली नाही.

सावद्याच्या ठाण्यात, मुद्देमालाच्या खोलीत
ती भिंतीला टेकून आहे,
घोड्याला सुतळीनं बांधलेला पुठ्ठा:
नेहेते पुष्पलता, बारा बोअर, एकनळी, काडतुसं नऊ.
मी दहा दिली होती.
बोलले नाही.

बाहेर लिंबाखाली रांग.
फेगडे म्हणतात, नवे साहेब बूथवार याद्या लावून बसलेत,
ज्या गावानं मतं दिली नाहीत
त्या गावाच्या नळ्या तिथंच गंजतील.
कुणाच्या तोंडून ऐकलं, विचारलं तर
फेगडे तंबाखू मळतात.
दगडूसिंग बँकेच्या दारावर उभा असतो.
तो म्हणतो, "वहिनी, माझी बंदूक पोटाची आहे,
नुसत्या मिशीला बँक पगार देत नाही."
मागून कुणीतरी: "आधी नंबर, मग मोजणी, मग गाडी येते न्यायला.
गुरांच्या कानात बिल्ले मारले तेव्हा आपण हसलो होतो."
या वेळी कुणी हसलं नाही.

हुरमत तडवी पालहून पायी आलेला,
रिकाम्या हातानं.
आजाची ठासणीची, नळीवर नंबर नाही,
नुसती एक चंद्रकोर कोरलेली.
"ताई, माही तं लिहेलच नाही कुठी.
सांगितली तं गुन्हा, लपवली तं गुन्हा.
चंद्र चालतो का फॉर्मात?"
मी त्याला माझ्या डब्यातली भाकरी दिली.
दुसरं काही देण्यासारखं नव्हतं.

फॉर्म नवा आहे. फोटो, अंगठा,
मयत पतीचं नाव, वारसा दाखला, नळीवरचा क्रमांक.
सातवा रकाना: शस्त्र बाळगण्याचे कारण.
जागा दोन बोटं.

मी लिहिलं, रानडुकरं.
खोटं नाही. परवाच त्यांनी दीडशे रोपं उपटली,
कंद खाल्ले, पानं तशीच टाकली,
जेवून उठलेल्या पंगतीसारखी.

पण डुकरांवर मी कधी झाडली नाही.
अकरा वर्षांत एकदाच उडवली, तीही आभाळात.
मोहनराव जाऊन तेरावा झाला नव्हता,
आणि पहाटे दीर दोन माणसं घेऊन
बांधावरचा दगड हलवत होता.
एक बार. तापीपर्यंत गेला असेल आवाज.
दगड जागेवर आला.
तेव्हापासून ती दोन खुंट्यांवर नुसती असायची.
असायची, हे गावाला ठाऊक होतं,
माझं काम तेवढ्यावर चालायचं.

हे दोन बोटांत कसं लिहायचं?
आणि वाचणार कोण?

यंदा दीर जिंकलेल्यांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर होता.
काल ठाण्यापाशी गाडी थांबवून, काच खाली करून,
अगदी मायेनं विचारलं,
"आली का वहिनी?"
मी म्हटलं, येईल.
"घाई काय आहे," म्हणाला,
"नियमानं होऊ दे."

खुंट्यांवर आज छत्री आडवी ठेवली आहे.
अंधारात लांबून बरी दिसते.
मिरवणुकीतले न फुटलेले सुतळी बॉम्ब
पोरांकडून रुपयाला एक घेतले, उशाशी आहेत,
काडेपेटीशेजारी पावती.

आता साडेबारा. लाईट गेलेली.
केळीत काहीतरी चालतंय,
वाळकी पानं मोडतायत, थांबतायत,
पुन्हा मोडतायत.
मी पडल्या पडल्या पाय मोजते.
चार निघाले
तर झोपेन.