टाच आधी

ओल्डेनबुर्गच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर
कॉरिडॉर बेचाळीस मीटर आहे. मी मोजलाय.
एक सायकल, पेडलला पट्टे लावलेली,
फुगे, निळ्या फोमच्या गाद्या,
आणि रोज सकाळी नर्सच्या हातातून येणारा आकडा:
प्लेटलेट्स किती.
दहा हजारांखाली उडी नाही, झेल नाही,
नुसती पडल्या पडल्या बोटं हलवायची.
त्यार्क त्याला ओहोटी म्हणतो.

नऊ वर्षांचा. बाप कोळंबीच्या बोटीवर.
घर नेसमरझीलला, बंधाऱ्याला टेकलेलं,
जिथे दिवसातून दोनदा समुद्र उठून चालता होतो
आणि मागे कोसभर चिखल ठेवतो.
खाटेशेजारी त्याने भरती-ओहोटीचं वेळापत्रक चिकटवलंय,
केमोच्या तक्त्याच्या वर.

औषधापायी पावलं त्याचं ऐकेनाशी झाली.
चवडे लोंबतात. गुडघा उंच उचलतो,
पाऊल टाकतो. फट्.
फट्, फट्, संडासापर्यंत.
कुणाचं दार उघडं असलं
की उभा राहतो, खिडकीतलं काहीतरी बघत असल्यासारखा.

मी म्हणते, टाचांवर चाल, चवडे वर.
तो म्हणतो, तू कधी चिखलात गेलीयेस, वीब्के?
मी थुरिंगियाची, डोंगरातली. नाही.
"मग तुला काय कळतंय चालण्यातलं."
त्याला स्वतःला जायची बंदी. पांढऱ्या पेशी नाहीत,
शिंपल्याचा ओरखडाही महागात पडायचा.
"तू जाऊन ये. रविवारी दहा-चाळीसला पाणी खाली."

गेले.
दोनशे पावलांत पोटऱ्यांपर्यंत रुतले.
पाय ओढला, तर चिखलाने बूट ठेवून घेतला.
आजूबाजूला शाळेची सहल, एक म्हातारं जोडपं,
विजार दुमडलेला पाद्री,
सगळे गुडघा उंच उचलून पाऊल टाकत. फट्. फट्.
जिकडे बघावं तिकडे त्यार्क.
मी तिथेच बसले. म्हणजे पडले.

सोमवारी बुटाची गोष्ट सांगितली.
हसता हसता त्याच्या टकलाला घाम फुटला.
"अगं वेडे, टाच आधी सोडवायची!
टाचेखाली वारा शिरू दे, मग चिखल आपणहून सोडतो."
गाद्या मांडायला लावल्या मला,
एकावर एक, पाय बुडेल इतक्या.
सलाइनचा खांब माझ्या हातात दिला, "धर",
आणि दाखवायला निघाला.

दार उघडं होतं.
समोरच्या खोलीतली योरिंडे, सोळा वर्षांची,
कानातले हेडफोन काढून बघत होती.
तो थांबला नाही.

नोंदवहीत अंतराचा रकाना मीटरमध्ये असतो.
मी लिहिलं: सात पावलं.
कशावरून, ते लिहायला जागा नव्हती.

मंगळवारी आकडा नऊ हजार. ओहोटी.
पडल्या पडल्या बोटं हलवली, त्याने खाटेवर, मी खुर्चीत.
डावा अंगठा जरासा वर आला, असं तो म्हणतो.
मला दिसला नाही.