शेऱ्याचा रकाना

रात्री दोनला पागधरे नोंद करतात:
एकशे अठरा किलोवॅट.
महापालिकेचं हे वीजघर एवढंसं,
भांडुपच्या टाक्यांमागे, बोगद्याच्या तोंडाशी.
एक टर्बाइन, एक खुर्ची, एक मांजर.

धरणापासून पाणी उतारावर धावत येतं,
अंगात नको इतका जोर घेऊन.
तो आम्ही दारातच उतरवून घेतो,
पाहुण्याच्या हातातली पिशवी घ्यावी तसा.
मग ते निमूट टाकीत शिरतं.

नवे साहेब विचारून गेले,
एवढ्याशा विजेवर चालतं काय?
आवारातले दिवे, पागधरे म्हणाले,
क्लोरीनच्या खोलीतला पंखा,
आणि टेकडीवरच्या वस्तीचा पंप.

म्हणजे खाली ज्याचा जोर काढला
तेच पाणी, तीच वीज लावून
पुन्हा वर ढकलायचं?
साहेब हसले.
हिशेबात तूट होतीच.
पागधरे राहतात टेकडीवर, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

पावणेचारला पंपाचा भार येतो.
घरघर जड होते,
काटा थरथरून खाली बसतो, सावरतो.
वर मंदाकिनीने पिंपाचं झाकण काढलं असेल.
चार वाजता पागधरे शेऱ्याच्या रकान्यात लिहितात:
पाणी पोहोचले.

तो रकाना खरं तर बिघाडासाठी आहे.