तहकूब सभा

नियम सतरा: एक तृतीयांश सभासद हजर नसतील
तर सभा अर्धा तास तहकूब करावी,
मग त्याच जागी, त्याच विषयांवर भरवावी.
तेव्हा गणसंख्येची अट नाही.

पटावर आम्ही एकतीस.
अर्जुनीच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या खोलीत, सात.
बरणीतली धामण धरली तर आठ,
असं हेडाऊ दर वर्षी म्हणतात.
मंडळाचा अंक निघून चार वर्षं झाली.
वर्गणी दीडशे, तीही अर्ध्यांकडे थकलेली.

तर तो अर्धा तास.
सेवंता वलथरे आली, ढिवर मोहल्ल्यातली.
कोल्ड्रिंकच्या बाटलीत तळ्याचं पाणी
आणि पाण्यात बोटाएवढी मासोळी.
"पिवरकाडी म्हन्तो आमी इले.
बेसरम उपटली, गवत लावलं मामा तलावात,
तं अकरा वर्सानं दिसली. तुमी लिवता म्हने."

खुर्च्या सरकल्या.
टेंभरे मॅडमनी चष्म्यावर भिंग धरलं,
पाठीवरच्या पराचे काटे मोजले: नऊ.
रहांगडाले सरांनी मोजले: दहा.
लंजेवार वनस्पतीवाले, तरी त्यांनीही मोजले.
मग कुणीतरी आमची यादी काढली, अठ्ठ्याण्णव सालची.
तीत ती नव्हती.
अकरा वर्षं एक मासोळी नाहीशी होती
आणि ती नाही, हेच मंडळाला ठाऊक नव्हतं.

सर म्हणाले, नमुना ठेवावा लागेल.
फॉर्मॅलिन माझ्याच कपाटात, किल्ली माझ्याच खिशात.
नमुना नाही तर नोंद नाही, हे बरोबरच आहे.
उद्या कुणी विचारलं, कशावरून,
तर काय दाखवायचं?
सेवंताबाईंनी बाटली पदराखाली घेतली.
"अंड्यावर हाये ते. ऊन चढाच्या आंदी सोडतो.
कशावरून म्हनान, तं मी हावो ना."
मी खिशातली किल्ली चाचपत राहिलो.

साडेअकराला सभा भरली. तेच सात.
मागील इतिवृत्त कायम. जमाखर्च मंजूर.
वर्गणी दोनशे, लंजेवारांचा विरोध नोंदवून.
पोहे उरले, ते शिपायाच्या डब्यात.

तहकुबीच्या वेळेचं इतिवृत्त नसतं.
मी समासात लिहिलं, पेन्सिलीनं:
पिवरकाडी, एक, अंड्यावर.
काटे नऊ (टेंभरे), दहा (रहांगडाले).
नमुना: तळ्यात.
साक्ष: सेवंता वलथरे.
कायम करायचं की खोडायचं, ते पुढच्या सभेत ठरेल,
गणसंख्या झाली तर.