निळी टीप

काचेचा दरवाजा आपणहून उघडला तेव्हा मी मागे पाहिलं,
कोणी मोठं माणूस येत असेल, वाट द्यावी म्हणून.
मागे कोणी नव्हतं. मंजिता म्हणाली, आई, चल.

तिचा पहिला पगार. पणजीत एवढी हॉटेलं,
आणि तिला हेच सुचलं, मांडवीच्या काठावरचं,
ज्याची गाठोडी एकोणीस वर्षं
मेरशीला माझ्या दारात उतरतात
सोमवारी आणि गुरुवारी, मागच्या गेटातून निघून.
पुढचं गेट कुठल्या अंगाला, ते आज कळलं.

टेबलावर नॅपकिन कमळ होऊन बसला होता.
मी कधी कमळं पाठवली नाहीत.
चौकोनी घडी, पन्नासाची चळत, वर सुतळी.
वेटरनं (छातीवर नाव, बिस्वजित)
ते कमळ एका झटक्यात मोडून माझ्या मांडीवर पसरलं
आणि मी आधी कोपरा पाहिला.
होती. निळ्या दोऱ्याची टीप,
दोन टाके आडवे, एक उभा.
या हॉटेलचा निळा, मिरामारच्या त्या दुसऱ्याचा हिरवा,
गाठोडी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून.

आता याला तोंड कसं पुसायचं?

मंजिता बश्या भरून आणत राहिली.
अननस, चीज, कसलीतरी गुलाबी मासळी, कच्चीच.
पोयसुद्धा होती.
पहाटे सायकलवर भोंपू वाजवत येते तीच,
इथे टोपलीत, अंगावर पांघरूण घेऊन,
आजारी पाहुणीसारखी.
खिडकीबाहेर कॅसिनोच्या बोटी दिवे विझवून झोपलेल्या.

पलीकडचे साहेब बोटं पुसत होते: लोणी, गरम पाणी, सोपं.
त्यांची बाई ओठ टिपत होती: लिपस्टिक. आधी स्पिरिट, मग थंड.
त्यांच्या पोरानं बिटाचा रस सांडला:
देवा, शांतादुर्गे.

यांना मी तोंडानं ओळखत नाही.
यांची जेवणं मी मागच्या बाजूनं वाचत आले.
एकदा नॅपकिनात गुंडाळलेला दुधाचा दात निघाला,
एकदा पेनानं लिहिलेला फोन नंबर
(घासून काढला मी. कोणीतरी वाट पाहत राहिलं असेल),
एकदा नुसत्या गाठी, सात,
इतक्या घट्ट की सोडवायला माझा अर्धा तास गेला,
आणि जिनं मारल्या तिची सगळी सकाळ गेली असणार.

बिस्वजित ओडिशाचा, पण बाजारात कोंकणी शिकलेला.
“माई, आनीक कितें जाय?”
मंजिता त्याला सांगणारच होती, आमच्या आईनेच तर...
मी टेबलाखालून तिचा पाय दाबला.
या महिन्याच्या हिशेबात सात नॅपकिन कमी आहेत.
आज खायला आलेय, जबाब द्यायला नाही.

तोणाक चांगलं होतं. नारळ भाजायला मात्र घाई केलेली.
पोय मोडून बोटांनीच खाल्ली
आणि पर्समधून माझा रुमाल काढला.

बिल आलं, बावीसशे.
नॅपकिनामागे मला साडेतीन मिळतात.
सहाशे अठ्ठावीस नॅपकिन, आणि पुढचा एक
अर्ध्याहून थोडा जास्त धुतलेला.
“आई, टीप ठेवायची असते,” मंजिता कुजबुजली.
म्हटलं, ठेवलेलीच आहे. कोपऱ्यात बघ.
ती हसली, मग हसायची थांबली,
आणि शंभराची नोट बशीखाली सरकवली.

उठताना मांडीवरचा नॅपकिन हातात आला.
चौकोनी घडी घातली, सवयीनं,
आणि मग, का कोण जाणे,
हळदीचा अंगठा त्याच्या मधोमध दाबला.

सोमवारी गाठोडं आलं. दोनशे चौदा.
मी माझा शोधला नाही.
म्हणजे, शोधला.
पिवळे अंगठे तीन निघाले,
त्यातला कुठलाही माझा असेल.
साबण लावला की हळद आधी लाल होते,
रागावल्यासारखी.
मग उन्हात टाकली की विसरते.
तिन्ही एकाच दोरीवर घातले.