मनगटावरची वेळ

सहाशे बारा वेळा मी हा समुद्र पायी ओलांडला होता.
आकडा मला तोंडपाठ होता,
बहुधा तिथूनच सुरुवात झाली.

फ्रीजियाच्या या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी
नजरेपलीकडे निघून जातं.
मागे उरतो राखाडी गाळ, वळ्यावळ्यांचा,
आणि दूर एक बेट, उपड्या वाटीएवढं.
माझं काम, माणसांना तिथवर नेणं
आणि परत आणणं.

म्हातारा नाहमेन हेच करायचा, माझ्या किती आधीपासून.
निघताना प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी,
मनगटावर पेनानं लिहायचा
पाणी परतण्याची वेळ.
मी हसायचे, "चाळीस वर्षांनीही कॉपी करतोस?"
तो पेनाचं टोक जिभेला लावायचा
आणि आकडा पुन्हा गिरवायचा.

त्या सप्टेंबरात बेटावरच्या गेशेचं यीस्ट संपलं.
एक पुडी पोचवायची, हातचा मळ!
एकटीच निघाले.
घड्याळ स्वयंपाकघराच्या खिडकीत,
होकायंत्र दुसऱ्या जॅकेटमध्ये.
गेशेनं कॉफी दिली. मी दुसरा कपही घेतला.

परतताना धुकं आलं.
येऊ दे, म्हटलं,
शिंपल्यांच्या ढिगापाशी डावीकडे, झालं.
तो ढीग ऑगस्टच्या वादळात सरकला होता.
मला कुणी सांगितलं नव्हतं,
म्हणजे, मी कुणाला विचारलं नव्हतं.

पाय जमिनीवर ठेवावेत, म्हणतात.
म्हणणाऱ्यांची जमीन
दिवसातून दोनदा पाण्याखाली जात नसावी.

आणि भरती समोरून येते, हे फक्त चित्रात.
इथे ती आधी वळसा घालून
तुमच्या पाठीमागचे चर भरते, चुपचाप.
परतीची वाट बुडवून झाली
की मगच घोट्याला हात लावते.

गुडघा. मांडी. कंबर.
सहाशे बारा वेळांपैकी
एकही वेळ मदतीला आली नाही.

मग भोंगा ऐकू आला.
मिनिटाला एक, बांधावरून.
नाहमेन माझी कढई परत द्यायला आला होता,
त्याला खिडकीत घड्याळ दिसलं.
छातीभर पाण्यातून तो दोर घेऊन आला तेव्हा
ना ओरडला, ना "बघ, सांगत होतो" म्हणाला.
मी फक्त त्याचं मनगट पाहिलं.
शाई होती.

एवढ्यावर संपवता आलं असतं.
पण वसंतात शाळेची मुलं आली, चौदा जण,
आणि मी बांधावरून खाली उतरेना.
वेळ तीनदा तपासली. आभाळ. पुन्हा वेळ.
काठीनं पहिल्याच पावलाला इतकं टोचलं
की तिथे खड्डा पडला.
एका मुलानं विचारलं, "आपण जाणार आहोत ना?"
ओहोटीची चाळीस मिनिटं मी तशीच उभ्यानं घालवली.
ती चाळीस मिनिटंही
कुणालातरी बुडवू शकली असती.

नाहमेन बांधावर बसून सफरचंद सोलत होता.
म्हणाला, "काठी दाखव."
पाहिली, तोलली, परत दिली.
"खांद्याएवढी आहे. ठीक.
याहून लांब घेतलीस तर ती चाचपत बसेल,
तू चालणार नाहीस.
आणि घरी ठेवलीस तर, तुला माहीत आहे."
मग सफरचंदाची फोड पुढे केली, काठीबद्दल संपलं.

आता मीही लिहिते.
त्या दिवशी मुलांनीही आपापल्या हातांवर लिहून घेतलं,
एकानं उलटं.
दुसऱ्या दिवशी गेलो, उरलेल्या थोड्या वेळात,
निम्म्या वाटेवरून परत फिरलो.
मुलं कुरकुरली. मला ते फार आवडलं.

घरी येईपर्यंत शाई पुसट होते,
साबणानं उरलीसुरलीही जाते.
जाऊ दे.
उद्याचं पाणी जवळपास पन्नास मिनिटं उशिरा आहे,
आजचा आकडा
उद्या बरोबर नसेल.